उकळूनही न जाणारे विष

(आचरा, तालुका मालवण येथील भाषणाचा मजकूर)



पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकणे, पाणी उकळून पिणे, नमुना प्रयोगशाळेकडे धाडणे ही कामे आचऱ्यासारख्या गावांच्या अंगवळणी पडली आहेत. पटकी, विषमज्वर, कावीळ यांना त्यामुळे आळा बसला. परंतु पीएफएएस नावाच्या फ्लोरिनयुक्त रसायनांपुढे हे उपाय निष्प्रभ ठरतात. न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारे कापड, आग विझविण्याचा फेस यांसाठी ती वापरली जातात. त्यांतील कार्बन-फ्लोरिन बंध इतका चिवट असतो की ती कुजत नाहीत. पाणी उकळले तर वाफ पाण्याची होते, रसायन भांड्यातच राहते.

इटलीत त्रिसिनो येथील मितेनी कारखान्यात ही रसायने तयार होत. ती जमिनीखालच्या पाण्यात उतरली. हे 2013 मध्ये उघडकीस आले, तेव्हा सुमारे 3,50,000 लोकांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. 2018 मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला. जून 2025 मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा ठोठावली. दरम्यान कारखान्याची यंत्रसामग्री विकली जाऊन आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली होती. लोट्याचे सांडपाणी दाभोळ खाडीकडे जाते. त्या खाडीत मासे मरतात ही भोई बांधवांची तक्रार या यंत्रांच्या आगमनापूर्वीची आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

लोट्याचे पाणी आचऱ्याच्या खाडीत येत नाही. मग आचऱ्याने याची चिंता का वाहावी? पीएफओए हे या गटातील एक रसायन कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये जाहीर केले. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांशाच्या चौपट, अशी ठरविली. आपल्या आयएस 10500:2012 या मानकात मात्र त्याला मर्यादाच नाही. ‘पिण्यास योग्य’ असा शेरा मिळालेल्या नमुन्यात हे रसायन शोधलेलेच नसते.

विहिरीत उतरल्यावर ते काढणे महागाचे आहे. त्याला सक्रिय कोळशाची किंवा आरओची यंत्रणा लागते. म्हणून पंचायतीचे खरे काम कारखाना येण्यापूर्वीचे आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि लेखी हरकत कोणालाही घेता येते. औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना या सुनावणीतून सूट मिळू शकते. तेथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र मागवावे आणि त्यातील उत्पादनांची यादी शाळेतील विज्ञान शिक्षकांकडून ग्रामसभेत वाचून घ्यावी.