वेळेची नोंद



या मालेत काल तुम्ही संतवाङ्मयावर ऐकलेत, उद्या अर्थशास्त्रावर ऐकाल. मध्येच कामगार संघटनेतला माणूस पोहण्याच्या शर्यतींवर काय बोलणार, ही शंका तुमच्या चेहऱ्यांवर आम्हांला इथूनही दिसते आहे. शंका रास्त आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पोहणे विहिरीत शिकलो, पाठीला सुका भोपळा बांधून. पण प्रौढांच्या जलतरण स्पर्धा भरतात तेव्हा गेली काही वर्षे आम्ही तलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन उभे असतो. हजेरीच्या मिनिटांवरून मालकांशी भांडण्यात आमचे आयुष्य गेले. एक स्नेही म्हणाले, "मग इथेही वेळ मोजायला या." गेलो.

या स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट असतात. २५ ते २९, ३० ते ३४, असे करीत थेट शंभरीपर्यंत. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला जे वय भरते ते धरतात. १९८६ साली टोकियोला त्यांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. वरच्या गटांत पुष्कळदा एकच स्पर्धक उतरतो. त्याचे पदक ठरलेलेच असते. खरी कमाई म्हणजे कागदावरचा आकडा. म्हणून तो आकडा कसा येतो, हे जरा सांगतो.

यंत्र नसेल तेथे प्रत्येक लेनला तीन टाइमकीपर असतात. घड्याळ आवाजावर नव्हे, दिव्याच्या झगझगाटावर सुरू करायचे. पूर्वी पिस्तुलाच्या धुरावर करीत. आवाजाला पन्नास मीटर यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो, आणि तेवढ्यात शर्यती जिंकल्या-हरल्या जातात. शेवटी काठावर वाकून, भिंतीला हात लागताना डोळ्यांनी पाहायचे. तिघांपैकी दोघांचे आकडे जुळले तर ती अधिकृत वेळ. तिन्ही निराळे आले तर मधला आकडा. एक घड्याळ बंद पडले तर उरलेल्या दोहोंची सरासरी. तिघांनी आपापले वाचायचे, आपापले सांगायचे. नियम इतका साधा आहे की तो मोडण्याचा मोह कुणालाही व्हावा.

१९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये तो मोडला गेला. शंभर मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत होती. ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला लागले. डेव्हिटने तर पाण्यातच लार्सनचे अभिनंदन केले. डेव्हिटच्या लेनवरची तिन्ही घड्याळे ५५.२ सेकंद दाखवीत होती. लार्सनच्या लेनवर ५५.०, ५५.१ आणि ५५.१. आताच सांगितलेला नियम लावा. लार्सनची वेळ ५५.१ होते. पण त्या काळी क्रमांक ठरवीत डोळ्यांनी पाहणारे पंच, आणि पंचांची मते तीन विरुद्ध तीन अशी फुटली. मुख्य पंचांनी डेव्हिटच्या बाजूने निकाल दिला. पहिल्याची वेळ ५५.२ आणि दुसऱ्याची ५५.१ असे लिहिता येईना. म्हणून लार्सनची वेळ ५५.२ लिहिली! शेजारी एक यंत्रही चालू होते. त्यात लार्सन सहा शतांशांनी पुढे होता. पण यंत्र अधिकृत नव्हते. अमेरिकेने अपिले केली, निकाल बदलला नाही.

मुख्य पंचांना तो अधिकार होता की नव्हता, यावर खुशाल दोन मते होऊ द्या. पण निकालाला शोभावा म्हणून घड्याळातला आकडा खोडणे, ही गोष्ट आमच्या फार ओळखीची आहे. आधी पगार कापायचे ठरते, आणि हजेरीपत्रक मागाहून दुरुस्त होते.

तर मग यंत्रच बसवावे, असे म्हणाल. बसवले. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये भिंतीवर टचपॅड आले. हात लागला की घड्याळ आपोआप थांबते. चारच वर्षांनी म्युनिकला ४०० मीटर मेडलीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी या दोघांची वेळ ४ मिनिटे ३१.९८ सेकंद आली. मग यंत्राच्या पोटातला तिसरा आकडा बाहेर काढला. एकाचा निघाला .९८१, दुसऱ्याचा .९८३, आणि त्या दोन सहस्रांशांवर सुवर्णपदक दिले गेले. त्यांच्या वेगाने हिशेब केला तर हे अंतर तीन मिलिमीटर भरते. आता ज्याने फरशी बसवली आहे अशा कुठल्याही गवंड्याला विचारा. पन्नास मीटर लांबीच्या तलावात एका लेनची भिंत दुसरीहून तीन मिलिमीटर पुढे-मागे नसेल, अशी हमी तो देईल का? हे नियम करणाऱ्यांच्याही ध्यानात आले. नंतर शतांशावरच थांबायचे ठरले, आणि वेळा जुळल्या तर दोघांनाही पदक. १९८४ साली लॉस एंजेलिसला दोन मुलींना शंभर मीटरचे सुवर्ण असेच विभागून मिळाले.

टचपॅडलाही माणसाची सोबत लागते, कारण हळू हात लावला तर तो दखल घेत नाही. आणि सत्तरीतला माणूस शेवटच्या हाताला किती जोर लावणार? आम्हांला एका कारखान्यातले अंगठ्याचे यंत्र आठवते. वीस वर्षे ग्राइंडिंगवर काम केलेल्या माणसाच्या अंगठ्यावर रेघा उरतात कुठे? यंत्र त्याला ओळखीना. वेळेवर येऊनही अर्धा दिवस कापला गेला. आम्ही यंत्र काढा म्हटले नाही. शेजारी वही ठेवा आणि तीत कामगाराची सही घ्या, एवढेच मागितले. ते मिळवायला अकरा दिवस लागले.

दुसऱ्यांचे दोष सांगून झाले, आता आमचा. एका स्पर्धेत ६५ ते ६९ गटातल्या पन्नास मीटरच्या शर्यतीला आमचे घड्याळ सुरूच झाले नाही. सांगायची लाज वाटली. शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावलो, १ मिनिट २४.३१ असा आकडा दिसला, तोच लिहून दिला. तिसऱ्याचा होता १ मिनिट २४.५७. दोन जुळले, १:२४.३१ जाहीर झाली.

त्या बाई निवृत्त परिचारिका होत्या. टॉवेल गुंडाळून टेबलाशी आल्या आणि तिन्ही आकडे पाहायला मागितले. पाहून म्हणाल्या, "हातातली घड्याळे शतांशापर्यंत जुळत नाहीत हो सहसा. हे तिसरे घड्याळ कुणाचे?"

आम्ही मुख्य पंचांकडे जाऊन खरे ते सांगितले. दोहोंची सरासरी काढली, १:२४.४४. बाईंनी पिशवीतून छोटी वही काढली. गेल्या वर्षीची त्यांची वेळ होती १:२४.४०. आमच्या खोट्या आकड्याने त्या पुढे गेल्या होत्या. खऱ्याने चार शतांश मागे राहिल्या.

त्यांनी नवा आकडा लिहून घेतला, खाली तारीख घातली. मग म्हणाल्या, "दुपारी माझी शंभर मीटर आहे. तुम्ही कुठल्या लेनला?"

"चौथ्या," आम्ही म्हणालो.

त्यांचीही चौथीच होती.