‘बरं चाललंय’ म्हणजे किती बरं?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. मी मानसशास्त्रावर बोलणार म्हटल्यावर घरी सगळे हसले. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी भाची हा विषय घेऊन एम्. ए. करते. ती एक छापील कागद घेऊन आली. “मावशी, एवढा भरून दे.” पहिलाच प्रश्न, ‘पतीशी असलेल्या नात्यात आपण किती समाधानी आहात?’ एक ते पाच यांतल्या एका आकड्याला गोल करायचा. हे समोरच खुर्चीत चहा घेत होते. मी मुकाट्याने पाचाला गोल केला.

भाची म्हणाली, “सगळ्या बायका पाचच देतात गं!”

मग तिने सांगितले. जयपूरला उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी ५० जोडपी तपासली, निम्मी प्रेमविवाहाची, निम्मी ठरवून झालेल्या लग्नाची. हा अभ्यास १९८२ साली छापून आला. सुरुवातीला प्रेमविवाहवाल्यांचे प्रेम जास्त भरले; पण पाच वर्षांनंतर पारडे ठरवलेल्या लग्नांकडे झुकले. मला तर उकळ्याच फुटल्या! म्हटले, बघ, आमच्या वडीलधाऱ्यांना काही कळत होते. तशी ती म्हणाली, “थांब मावशी. २०१२ साली अमेरिकेतल्या ५८ भारतीय माणसांना असंच विचारलं, तर दोन्हींत फरकच निघाला नाही. आणि जयपूरची मोजपट्टीही झिक रुबिन नावाच्या अमेरिकन माणसाने १९७० साली केलेली. शिवाय दोन्हीकडे माणसं आपल्या तोंडाने सांगतात तेच खरं धरायचं.”

तोंडाने सांगताना माणूस आपल्या भोवतालच्यांशी ताडून पाहतो. कॅनडातले स्टीव्हन हाईन आणि त्यांचे सोबती यांनी २००२ साली हेच दाखवले. जपानी माणूस जपान्यांशी ताडतो, कॅनडातला तिथल्यांशी. म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी मांडले तरी खरा फरक दिसतोच असे नाही. मला हे लगेच पटले. आमच्या नळाला तासभर पाणी येते, तर मी स्वतःला भाग्यवान समजते. का? समोरच्या चाळीत अर्धाच तास येते! नवऱ्याचेही तसेच. माझ्या थोरल्या बहिणीच्या हाती कधी रुपया पडला नाही. एका मैत्रिणीच्या घरी ताट भिरकावले जाते. त्यांच्याशी ताडले तर आमचे हे सोन्यासारखे. माझा पाचाचा आकडा माझ्या संसाराचा कमी आणि त्या दोघींच्या संसाराचा जास्त होता.

रात्री भाचीने दुसरा कोरा कागद दिला. तो मी ओट्यापाशी एकटीच बसून भरला. ‘मनातले पतीला सांगता येते का?’ या प्रश्नाला पेन्सिल बराच वेळ थांबली. शेवटी दोनाला गोल केला. खोटे कशाला बोलू, हात थरथरत होता.

तो कागद मी भाचीला दिलाच नाही. डाळीच्या डब्याखाली ठेवला होता, तो डाळ काढताना यांच्याच हाती लागला. वाचून म्हणाले, “दोनच? मग सांगत का नाहीस?”

मी म्हटले, “तुम्ही कधी विचारलंत?”

त्या दिवशी यांनी चहा खुर्चीत बसून घेतला नाही. कप घेऊन ओट्यापाशी येऊन उभे राहिले.