सर्व्हर बंद, तरी दप्तर खुले



नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांतील जमीन वारंवार हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या. भिंतीस गेलेला तडा डोळ्यांना दिसतो. कचेरीतील सर्व्हर निकामी झाल्याचे मात्र पुष्कळदा कोणी कागद मागावयास आल्यावरच उमगते.

हा कागद या भागात अनेकदा वनहक्काच्या दाव्याचा असतो. २००६ च्या कायद्यान्वये दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे व पुढे जिल्हा समितीकडे जातो. स्थळपाहणीचा अहवाल, नकाशा, वडीलधाऱ्यांचे जबाब संगणकाच्या सामाईक फोल्डरात असतील आणि सर्व्हर एकच असेल, तर तो बंद पडताच पाड्यावरून मजुरी बुडवून आलेल्या माणसास रिकाम्या हाती परतावे लागते.

यास उपाय आहे. दोन सर्व्हर ठेवावेत. पहिल्यावर लिहिलेली नोंद दुसऱ्यावरही उमटल्याखेरीज ‘जतन झाले’ असे उत्तर मिळू नये. टेबलांवरील संगणकांना एकच नाव व एकच पत्ता ठाऊक असावा. दोन्ही सर्व्हर सतत एकमेकांची खुशाली विचारतात. पहिल्याचे उत्तर येईनासे झाले की दुसरा तोच पत्ता स्वतःकडे घेतो. लिपिकास थोडा खोळंबा जाणवेल, इतकेच. विंडोज सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून उघडी फाईलही अशा वेळी चालू राहू शकते. विनामूल्य मिळणाऱ्या साम्बा प्रणालीवरही अशी जोडी उभारता येते.

मात्र सर्व्हर शाबूत राहून दोहोंमधील तारच तुटली, तर दुसरा बंद पडला असे दोघेही समजतात आणि एकाच नोंदीच्या दोन भिन्न प्रती तयार होतात. जमिनीच्या कागदांत याहून वाईट ते काय? म्हणून तिसरा साक्षीदार संगणक हवा. त्याचे मत ज्यास मिळेल तो चालेल, दुसरा आपण होऊन थांबेल. दोघांच्याच समितीत मते समसमान पडली की काय होते, हे पंचायत सदस्यांस सांगावयास नको.

दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच बॅटरीवर असतील तर ही सारी खटपट व्यर्थ होय. डहाणूची प्रत तलासरीत ठेवूनही भागत नाही, कारण धरणी दोन्हीकडे एकदमच हादरते. आणखी एक प्रत दूर, नागपूरसारख्या ठिकाणी असावी; ती काही मिनिटे मागे राहिली तरी चालेल. शिवाय जुन्या दिवसांच्या प्रती निराळ्या जपाव्यात. चुकून पुसलेली फाईल ही जोडी तितक्याच इमानाने दोन्हीकडे पुसते!

सुटीच्या दिवशी, पूर्वसूचना देऊन, पहिल्या सर्व्हरची वीज तोडावी आणि लिपिकाच्या टेबलावरून एक दावा उघडून पाहावा. त्यास लागलेला वेळ नोंदवहीत लिहावा.