‘ऐकू येतंय का?’

मी कॅलिफोर्नियातल्या डब्लिनहून बोलतोय. व्यवसायानं आयटी कन्सल्टंट, पण आज बोलणार आहे एक बाप म्हणून.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना तहान लागली की म्हणायचा, ‘तुला पाणी हवंय?’ आमचंच वाक्य, आमच्याच सुरात. आईची वाक्यं उचलायचा, म्हणून ‘मी येते’, ‘मी देते’. पाहुणे म्हणायचे, ‘पोपट आहे अगदी!’ आम्हीही हसायचो. रात्री मात्र झोप लागायची नाही.

याला एकोलेलिया म्हणतात. बोलायला शिकताना बरीच मुलं थोडंफार असं करतात. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये ते जास्त दिसतं आणि जास्त काळ टिकतं. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ऑटिझमवर लिहिलेल्या लेखातही त्याची नोंद आहे. पुढे १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुशान यांनी दाखवून दिलं, की ही नुसती पोपटपंची नसते. त्यातून मुलं होकार देतात, काही मागतात, संभाषणात आपली पाळी घेतात.

मग आम्ही शब्दांमागचा प्रसंग शोधू लागलो. रिकाम्या खोलीत तो म्हणायचा, ‘ऐकू येतंय का?’ हे आजीचं व्हिडिओ कॉलवरचं पहिलं वाक्य. म्हणजे त्याला आजी हवी असायची! आता आम्ही त्याला गप्प करत नाही. त्याला वापरता येईल असं वाक्य देतो: ‘मला आजीशी बोलायचंय.’

‘घरात मराठी बंद करा,’ असा सल्ला आम्हालाही मिळाला. दोन भाषांमुळे अशा मुलांचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. आणि मराठी सोडली असती, तर तो आजीशी बोलला कसा असता?

तुमच्या घरी अशी शंका असेल, तर थांबू नका. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर रीजनल सेंटरला फोन करा. मोठं असेल तर स्कूल डिस्ट्रिक्टकडे तपासणीसाठी अर्ज करा, तोही लेखी. कॅलिफोर्नियात साधारण १५ दिवसांत असेसमेंट प्लॅन मिळायला हवा. ईमेल जपून ठेवा.

परवा तो दारातून ओरडला, ‘आई, मी आलो!’ ‘आले’ नाही, ‘आलो’. कदाचित माझंच वाक्य उचललं असेल. चालेल. आम्हाला ऐकू आलं.