लेथ ‘डायरेक्ट’ करण्याआधी हे ऐका

कानात इअरफोन असतील आणि समोर लेथ चालू असेल, तर आधी मशीन बंद करा. इअरफोनची वायर चकात अडकली तर सोडवायला वेळ मिळत नाही. केलं बंद? आता निवांत ऐका.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला लेथचं अप्रूप नाही. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत जुनी, आणि 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग बनवणारी कितीतरी छोटी वर्कशॉप उभी राहिली. त्यामुळे इथे कुणी घरामागच्या शेडमध्ये जुना लेथ आणून बसवला, तर शेजारीपाजारी चकित होत नाहीत. आयटीआय केलेल्या पोरांना टर्निंग झकास येतं. पण मशीन बंद पडलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, डायरेक्ट करून टाक ना!" आज मला या ‘डायरेक्ट’बद्दलच बोलायचंय.

घरच्या 230 व्होल्ट सिंगल फेजवर चालणारा, एक एचपीची कपॅसिटर-स्टार्ट मोटर असलेला लेथ डोळ्यासमोर ठेवूया. बिघाड शोधताना मी बोर्डापासून सुरुवात करतो आणि क्रमाने मोटरपर्यंत जातो. मोटर सगळ्यात शेवटी उघडायची.

पहिली गोष्ट, टेस्टर पेटला म्हणजे लाइन ठीक, असं समजू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल सुटलेला असला तरी तो पेटतोच. त्यासाठी मल्टिमीटर लागतो. चालू लाइनवर मीटर लावायची सवय नसेल, तर हे काम वायरमनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

व्होल्टेज मशीनपाशी मोजा, आणि मोटर सुरू होतानाच मोजा. बोर्डावर 230 दिसतात, पण लांबलचक बारीक एक्स्टेंशन वायरच्या टोकाला, मोटरने जोर लावला की तेच 180 वर येतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे 180 व्होल्टला जोर उरतो साधारण 61 टक्के. मोटर चांगलीच असते, तिला पुरेसं मिळत नसतं. जाड वायर टाका, सगळे स्क्रू आवळा. सॉकेट किंवा प्लग काळा पडला असेल तर बदला.

व्होल्टेज बरोबर आहे, तरी मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही? लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. प्लग काढा, बेल्ट उतरवा आणि पुली हाताने फिरवून बघा. पुली मोकळी फिरत असेल तर संशय दोघांवर: कपॅसिटर आणि मोटरच्या आतला सेंट्रिफ्यूगल स्विच. काही जण मोटर चालू ठेवून चकाला हाताने झटका देतात. कृपा करून असं करू नका. मोटरने पकड घेतली तर ती बोटांची वाट बघत नाही.

कपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करा. प्लग काढला तरी त्यात चार्ज राहू शकतो. होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बच्या दोन्ही वायरी त्याच्या टोकांना लावल्या की काम होतं. मग मीटरवर मायक्रोफॅरड बघा. कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यापेक्षा खूप कमी आले, किंवा तो फुगलेला दिसला, तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालेल. कपॅसिटर चांगला निघाला तर सेंट्रिफ्यूगल स्विचचे पॉइंट बघा. लेथची मोटर लोखंडाच्या किसात जगते. तो किस आत जाऊन पॉइंट चिकटतात किंवा जळतात.

आता ट्रिपिंग. एमसीबी पडतो तो जास्त करंटमुळे. एक एचपीची मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट घेते. म्हणून इथे सी टाइपचा एमसीबी लागतो. आरसीसीबीची गोष्ट वेगळी. तो पडतो म्हणजे करंट कुठेतरी बाहेर, बहुतेक मशीनच्या बॉडीत, गळतोय. पावसाळ्यात बंद राहिलेल्या मोटरमध्ये ओल धरली की असं होतं. तेव्हा मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यायचं असतं. पण लोक करतात काय? अर्थिंगची वायर काढून टाकतात! ट्रिपिंग थांबतं खरं, पण गळका करंट आता तुमच्या हाताची वाट बघतो. हे पहिलं ‘डायरेक्ट’.

दुसरं त्याहून वाईट. हिरवं बटण दाबलं की लेथ चालतो, सोडलं की बंद पडतो, अशी तक्रार येते. बहुतेक वेळा स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट खराब झालेला असतो, किंवा त्याची वायर सुटलेली असते. सुटा भाग मिळतो, काम अर्ध्या तासाचं. पण घाई असते, म्हणून स्टार्टर काढून साधा खटका बसवला जातो. लेथ पुन्हा छान चालतो, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

स्टार्टरचं एक काम आपल्याला दिसत नाही. लाइट गेली की तो सुटतो, आणि लाइट आली तरी बटण दाबेपर्यंत जोडला जात नाही. खटका मात्र चालूच राहतो. लाइट गेली, तुम्ही जॉब सोडवायला चकात चावी घातली, मान खाली घातली... आणि लाइट आली. पुढचं मी सांगायला नको. आपल्याकडे लाइट सांगून जात नाही, आणि सांगून येतही नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढं करा. चक रिकामा ठेवा, चावी बाहेर काढा, लेथ चालू करा. बोर्डावरून एमसीबी पाडा. चक पूर्ण थांबू द्या. मग चकापासून दूर उभं राहून एमसीबी वर करा. लेथ गप्प राहिला तर उत्तम. आपोआप फिरला तर प्लग काढा, आणि नवा स्टार्टर बसेपर्यंत तो लावू नका. ड्राइव्हवर चालणाऱ्या लेथलाही हीच परीक्षा द्या. लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग काही ड्राइव्हमध्ये असते, ती बंद हवी.

तुमचा लेथ पास झाला की नापास, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. चावी चकात ठेवू नका!