अंगावरचं चिलखत कोणाचं?

आज मी कपड्यांवर बोलणार आहे. खऱ्या नव्हे, गेममधल्या. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’मध्ये ट्रान्समॉग असावं की नसावं, हा वाद आमच्या गिल्डच्या व्हॉइस चॅटवर इतक्या वेळा झाला आहे की त्यापायी दोन माणसांनी महिनाभर अबोला धरला होता. त्यातला एक मी. दुसरी माझी मावसबहीण, बडोद्याची. आता बोलतो आम्ही, काळजी नको.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. हा गेम २००४ च्या नोव्हेंबरात आला. राक्षस मारायचे, त्यांच्याकडून चिलखत मिळवायचं, अंगावर चढवायचं. जे चढवाल ते सगळ्यांना दिसणार. शिरस्त्राण आणि पाठीवरचा झगा तेवढा लपवता यायचा, बाकी काही नाही. पुढे २०११ च्या नोव्हेंबरात ४.३ हा पॅच आला आणि त्यात ट्रान्समॉग आलं. ताकद नव्या चिलखताची, रूप तुमच्या आवडत्या जुन्या चिलखताचं. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांच्या आग्रहाखातर कंपनीने जुना गेम परत आणला, तो क्लासिक. त्यात अर्थातच ट्रान्समॉग नव्हतं. तेव्हापासून मागणी सुरू आहे: आणा की, कोणाचं काय बिघडतं?

मी बेंगळुरूला असतो आणि युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. त्यांची रेड रात्री आठला, म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. दुसऱ्या दिवशी ऑफिस. हे सांगतोय ते कौतुकासाठी नाही, हिशेबासाठी. पॅलाडिनचा ‘जजमेंट’ नावाचा संच आहे. एकूण आठ नग. शिरस्त्राण ऑनिक्झियाकडून, पायातलं रॅग्नारॉसकडून आणि उरलेले सहा ‘ब्लॅकविंग लेअर’मधून. चाळीस माणसं एकत्र जातात, एका राक्षसाकडून मोजके नग पडतात आणि ते सगळ्यांत वाटायचे असतात. कोणत्या वर्गाचा नग पडेल हेही नशिबावर. संच पुरा व्हायला महिने लागतात, आणि कित्येकांचा कधीच होत नाही.

२०२० मध्ये आयर्नफोर्जच्या बँकेसमोर एक पॅलाडिन हा पूर्ण संच घालून उभा असायचा. मी थांबून बघायचो. बरेच जण थांबायचे. हा दिखावा झाला, असं कोणी म्हणेल. थोडा आहेच. पण त्या चिलखतात एकोणचाळीस इतर लोकांच्या रात्री आहेत. कोणीतरी आपला हक्क सोडला, ‘या वेळी त्याला घेऊ दे’ म्हणाला, तेव्हा तो नग त्याच्या अंगावर आला. त्यामुळे ते चिलखत घालणाऱ्याचं असलं तरी त्याची गोष्ट एकट्याची नसते. बघणाऱ्यालाही त्यातून बरंच कळतं: हा माणूस एखाद्या गिल्डमध्ये टिकून आहे, भरवशाचा आहे, उद्या डन्जनमध्ये घ्यायला हरकत नाही. जंगलात शत्रुपक्षाचा रोग अचानक समोर आला, तर लढायचं की पळायचं हे त्याच्या हातातल्या खंजिरांवरूनच ठरवायचं असतं. चौकशीला वेळ कुठला?

कुस्तीतली चांदीची गदा बघा. ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते तेव्हा बघणाऱ्याला माहीत असतं की ही जिंकलेली आहे. उद्या हौस म्हणून कोणीही तशीच गदा घेऊन फिरायला लागला, तर पैलवानाची गदा कोणी चोरलेली नसते, पण रस्त्यावरच्या माणसाचं तिच्याकडे बघणं बदलतं. ‘तुझं काय जातं?’ या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. माझं काही जात नाही, जातं ते बघणाऱ्यांचं.

मजा म्हणजे २०११ मध्ये खुद्द बनवणाऱ्यांनाही हे थोडं पटलेलं असावं. तेव्हा लेजेंडरी शस्त्रांचं रूप दुसऱ्या शस्त्राला देता येत नव्हतं. ‘थंडरफ्युरी’ तलवार हवी असेल तर बॅरन गेडन आणि गार या दोघांकडचे तुकडे, रॅग्नारॉसचं सत्त्व आणि एलिमेंटियमच्या दहा लगडी जमवायच्या, आणि मग तीच तलवार हातात धरायची.

आता बहिणीची बाजू. ती मी नीट मांडली नाही तर हे भाषण ऐकून ती फोन करेल.

ती म्हणाली, “दादा, तू जुनं जुनं म्हणतोस, पण जुन्या गेममध्ये असंच होतं हे तुला कोणी सांगितलं? रॅग्नारॉक विसरलास?” खरंच विसरलो होतो. ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ भारतात अधिकृतपणे चालायचा, सायबर कॅफेत आम्ही दोघं बसायचो. त्या गेममध्ये चिलखत अंगावर दिसतच नाही! दिसते टोपी, शस्त्र, ढाल, आणि तुम्ही कोणत्या वर्गाचे आहात ते. तरीही ते जग आम्हाला कधी खोटं वाटलं नाही. २००४ च्याच एप्रिलमध्ये आलेल्या ‘सिटी ऑफ हीरोज’मध्ये तर पोशाखाचा आणि ताकदीचा काही संबंधच नव्हता, तुम्ही आधी पोशाख बनवायचा आणि मग खेळायला लागायचं. म्हणजे ‘जुन्या गेममध्ये वेश म्हणजेच ताकद’ हा नियम नव्हताच. ही एका गेमची सवय होती. तो मुद्दा मी सोडून दिला, आणि जे अजून तोच धरून बसलेत त्यांनीही सोडावा. जुनं आहे म्हणून चांगलं, हा युक्तिवाद नव्हे.

तिचा दुसरा मुद्दा जास्त बोचरा होता. ‘बर्निंग क्रूसेड’मध्ये लेव्हल वाढवताना अंगावर जे चढतं त्याला जगभरचे खेळाडू विदूषकाचा वेश म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. एक खांदा जांभळा, पायजमा हिरवा, डोक्यावर काहीतरी भलतंच. “रोज तीन तास मी ज्या बाईच्या पाठीकडे बघते,” ती म्हणाली, “ती मला बरी दिसावी एवढंच मागतेय. तुझ्या पॅलाडिनचं मी काय घेतलं?” यावर माझ्याकडे खरंच चोख उत्तर नाही. ही किंमत आहे आणि ती तिच्यासारख्यांनी मोजायची, असं मी म्हणतोय, हे मला कबूल करायला हवं.

पण तिची एक गोष्ट तिच्याच विरुद्ध जाते. तिची सोळा खणांची एक अख्खी पिशवी कपड्यांनी भरलेली असायची. ल्युनर फेस्टिव्हलचे रंगीत पोशाख, शिवणकाम येणाऱ्याकडून करून घेतलेला पांढरा वेडिंग ड्रेस. शहरात आली की कपडे बदलायची, मासे पकडायला जाताना वेगळा वेश. बाहेर पडताना पुन्हा चिलखत, कारण लढाई सुरू असताना ते बदलता येत नाही. एकदा ती वेडिंग ड्रेस बदलायला विसरली आणि लांडग्यांनी तिला लोळवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. क्लासिकमध्ये आहे: पिशवीतली जागा, आणि ते घातलं असताना मरायची तयारी. म्हणून तिचे ते कपडेही खरे होते. तिला त्या झग्यात तळ्याकाठी बघितलं की सगळा सर्व्हर ओळखायचा. ही सजावटच होती, पण दिसत होती ती वस्तू खरोखर अंगावर होती.

‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ने काढलेला मार्ग मला म्हणूनच आवडतो. ऑगस्ट २००७ मधल्या प्रतीवरून तो २०१३ च्या फेब्रुवारीत परत आणला, आणि नवं काही घालायचं तर खेळाडूंचं मतदान. सुरुवातीला ७५ टक्के मतं लागायची, २०२२ पासून ७०. तिथे ऑर्नमेंट किट असतात. ड्रॅगन चिलखताला सोनेरी कड लावता येते, पण ते ड्रॅगन चिलखत आहे हे बघणाऱ्याला कळतंच, आणि ते किटही ‘ट्रेझर ट्रेल’ सोडवून कोणीतरी मिळवलेलं असतं.

पैसे देऊन घ्यायच्या वस्तूंबद्दल फार बोलत नाही. २०२१ मध्ये ‘बर्निंग क्रूसेड क्लासिक’च्या महागड्या आवृत्तीसोबत एक वाहन मिळायचं, आणि त्यावर बसलेला दिसला की लोक थुंकण्याचा इमोट करायचे. राग समजतो, पण तो प्रकार मला किळसवाणा वाटला. घेणाऱ्याने काय गुन्हा केला होता?

मग मी ट्रान्समॉगच्या विरुद्ध आहे का? इथे माझं मत बदललं. २००९ च्या डिसेंबरात मूळ गेममध्ये डन्जन फाइंडर आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरची पाच अनोळखी माणसं एकत्र येतील, काम झालं की पुन्हा भेट नाही. त्याच सुमारास गिअरस्कोअर नावाचं अ‍ॅडऑन सगळ्यांनी घेतलं. माणसाकडे बघण्याऐवजी आकडा बघायचा. म्हणजे २०११ मध्ये ट्रान्समॉग आलं तोवर कपडे वाचणारं कोणी राहिलंच नव्हतं. मी इतकी वर्षं ट्रान्समॉगला दोष देत होतो, पण ते आलं तेव्हा घर आधीच रिकामं झालेलं होतं. ज्या जगात कोणी कोणाला दुसऱ्यांदा भेटत नाही, तिथे वाट्टेल ते घाला. २०२४ मध्ये ‘कॅटॅक्लिझम क्लासिक’सोबत ट्रान्समॉग आलं तेव्हा मी विरोधात एक शब्द बोललो नाही.

एरा सर्व्हरवर मात्र नको. तिथे अजून तेच तेच लोक बँकेसमोर भेटतात, गटात घेताना नाव आणि अंगावरचं बघतात. तिथे ते बघणं जिवंत आहे, म्हणून तिथे माझा विरोध.

‘कॅटॅक्लिझम’ आल्यावर बहिणीने पहिल्याच आठवड्यात मनासारखा वेश जमवला. आम्ही स्टॉर्मविंडमध्ये भेटायचं ठरवलं. मी कालव्याजवळ पाच मिनिटं उभा. शेवटी चॅटवर विचारलं, “कुठे आहेस?”

“तुझ्यासमोर.”

छान दिसत होती, मी तसं सांगितलंही. एराच्या सर्व्हरवरची ती पिशवी अजून तिने रिकामी केलेली नाही. का, ते मी विचारलेलं नाही, आणि आज ती ऐकत असेल तर तिनेच खाली लिहावं. चला, प्रश्न घेऊया.