पाऊस नसलेले बंदर



समुद्रकाठचे गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. माडांच्या बागा, भातखाचरे आणि आषाढातला धो धो पाऊस! माझ्या वर्गातली मुलेही बेधडक सांगतात, "समुद्र जवळ, म्हणजे पाऊस भरपूर." मग मी त्यांना आफ्रिकेच्या नकाशावर नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे एक ठिपक्याएवढे बंदर दाखवतो. गावाचे नाव लुडेरिट्झ, देश नामिबिया. समोर अटलांटिक महासागर, पाठीशी नामिबचे वाळवंट, आणि पाऊस वर्षाकाठी २० मिलिमीटरहूनही कमी. एवढा तर आपल्याकडे एखाद्या सरीत पडून जातो!

असे का बरे व्हावे? या किनाऱ्याने बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह उत्तरेकडे वाहतो. त्यात दक्षिणेचा वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी खोलवरचे गार पाणी वर येते. त्यावरची हवा गारच राहते. ती वर चढत नाही, म्हणून पाऊस नाही. येते ते नुसते धुके. पण हेच पाणी आपल्याबरोबर तळाचे खतही वर आणते. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात आणि त्यांच्यावर मासळी. म्हणजे बघा, ज्या पाण्याने जमीन कोरडी ठेवली, त्यानेच समुद्र भरून टाकला. इथे शेत असेल तर ते समुद्रातच.

आता या गावाची एक गोष्ट सांगतो. १८८३ साली ब्रेमेनचा व्यापारी आडोल्फ लुडेरिट्झ याने नामा जमातीचे प्रमुख योसेफ फ्रेडरिक्स यांच्याकडून हा उपसागर विकत घेतला. त्याच वर्षी दुसरा करार झाला, किनाऱ्यालगतच्या वीस मैल रुंदीच्या पट्ट्याचा. प्रमुखांना ठाऊक होता तो इंग्रजी मैल, सुमारे १.६ किलोमीटरचा. व्यापाऱ्याच्या कागदात होता जर्मन भौगोलिक मैल, सुमारे ७.४ किलोमीटरचा. ३२ किलोमीटर समजून दिलेली जमीन १४८ किलोमीटर निघाली!

मैलाचा हा घोळ तिथेच थांबला नाही. पुढे जर्मन सत्तेविरुद्ध हेरेरो आणि नामा लोक उठले, तेव्हा गावालगतच्या शार्क बेटावर १९०५ ते १९०७ या काळात बंदिछावणी होती. थंडीने, उपासमारीने आणि सक्तीच्या कामाने तिथे हजाराहून अधिक माणसे मेली. १९०८ साली लोहमार्गावरची वाळू उपसताना झकेरिआस लेवाला या मजुराला हिरा सापडला. पैसा झाला तो त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांचा आणि कंपन्यांचा. जवळच कोलमान्सकोप नावाचे गाव उभे राहिले. वाळवंटात बर्फाचा कारखाना काय, इस्पितळ काय! हिरे सरले, आणि १९५६ पर्यंत माणसेही गेली. आज तिथल्या खोल्यांत गुडघाभर वाळू आहे.

मासळीचेही तेच झाले. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. नामिबियाच्या समुद्रात १९६८ साली तो सुमारे १४ लाख टन पकडला गेला. बाहेरच्या बोटी आल्या, समुद्र उपसला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तो धंदा कोसळला. देश १९९० साली स्वतंत्र झाला आणि त्याने आपल्या समुद्राची हद्द आखली. तरी ही मासळी पहिल्यासारखी परतली नाही. २०१८ साली ती पकडण्यावर बंदीच घालावी लागली. लुडेरिट्झचे कोळी आणि कारखान्यांतले कामगार हेक मासा आणि शेवंडे यांवर पोट भरतात. शेवंडे पकडायलाही हंगाम आणि माप ठरवून दिलेले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा केवळ भूगोलाचा नाही. उद्या वर्गात फळ्यावर ३२ आणि १४८ हे दोन आकडे लिहा, आणि मुलांना ही हकीकत सांगा. कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी, "हा मैल कोणाचा?" असे विचारायला ती शिकली पाहिजेत. आणि जाळे टाकणाऱ्याने, नांगर धरणाऱ्याने, विहीर उपसणाऱ्यानेही स्वतःला विचारावे, "घेतले किती, आणि मागे ठेवले किती?"